९.४ टक्के रिझोल्यूशन आलं म्हणजे डिटेक्टर बाद झाला का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे बडोद्यात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहेत. प्रकल्पासाठी विभागातला जुना ३ × ३ इंची सोडियम आयोडाइड डिटेक्टर, म्हणजे गॅमा किरण पडल्यावर चमकणारा स्फटिक, त्यांना मिळाला आहे. सीझियम-१३७ चं ६६२ केईव्हीचं (किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, ऊर्जेचं एकक) फोटोपीक, म्हणजे गॅमाची पूर्ण ऊर्जा शोषली गेल्यावर दिसणारं शिखर, स्पेक्ट्रमच्या ४१० व्या चॅनेलवर येतं आणि अर्ध्या उंचीवरची त्याची रुंदी ३८.५ चॅनेल भरते. भागाकार केला की रिझोल्यूशन, म्हणजे पीकची सापेक्ष रुंदी, ९.४ टक्के. डिटेक्टरसोबतच्या जुन्या कागदावर मात्र ७ टक्के लिहिलंय. कोबाल्ट-६० ची दोन पीक ७७० आणि ८८२ व्या चॅनेलवर आहेत. किरणोत्सारी सोर्स डिटेक्टरच्या टोपीला टेकवून एफिशियन्सी (निघालेल्या गॅमांपैकी फोटोपीकमध्ये किती मोजले गेले) काढली, तर १३३२ केईव्हीची एफिशियन्सी ६६२ च्या जेमतेम दहावा हिस्सा येते. १० सेंटिमीटरवर ठेवून काढली, तर दर वेळी आठ-दहा टक्क्यांनी वेगळी. दोन्ही सोर्स १३ वर्षांपूर्वीचे, लेबलवर ३७ किलोबेकरेल (सेकंदाला ३७ हजार क्षय). सर विचारतात, नवा डिटेक्टर मागवायचा का?

माझं मत आधी सांगतो: आत्ता मागवू नका. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून डिटेक्टर बाद झाल्याचं सिद्ध होत नाही. त्यात थोडी झीज झालेली असू शकते आणि ती शोधण्याजोगी आहे. पण तुमच्या काळजीचा मोठा भाग डिटेक्टरमधून आलेला नाही, मोजण्याच्या पद्धतीतून आलाय. गॅमा डिटेक्टरची कामगिरी म्हणून आपण जे आकडे सांगतो, त्यातला कोणताही आकडा एकट्या डिटेक्टरचा नसतो. सोर्स, अंतर, काउंट रेट, अॅम्प्लिफायरचा शेपिंग टाइम (पल्सला आकार देण्याचा वेळ), खोलीचं तापमान, बॅकग्राउंड आणि आपलं गणित, या सगळ्यांचा तो मिळून आकडा असतो. कागदावरचे ७ टक्के आणि तुमचे ९.४ टक्के एकाच अटींवर मोजलेले नाहीत. म्हणून ते शेजारी ठेवण्याआधी तुमच्या आकड्यातून डिटेक्टरचा स्वतःचा वाटा किती, तो वेगळा काढायला हवा.

पहिली गोष्ट चॅनेलची. तुम्ही ३८.५ ला ४१० नं भागलंत. असं करताना शून्य ऊर्जा शून्याव्या चॅनेलवर आहे, असं न सांगता धरलं जातं. ते खरं आहे का, हे तुमच्याच कोबाल्टच्या आकड्यांवरून कळतं. ११७३.२ आणि १३३२.५ केईव्ही यांच्यात १५९.३ केईव्हीचं अंतर आणि चॅनेलमध्ये ११२ चं. म्हणजे एका केईव्हीला ०.७०३ चॅनेल. याच उतारानं ७७० पासून ११७३.२ केईव्ही मागे आलात, तर शून्य ऊर्जा उणे ५५ व्या चॅनेलवर पडते. सीझियमचं ४१० हे या रेषेवर बरोबर बसतं, म्हणून रेषा विश्वासार्ह आहे. पट्टीचं पहिलं दीड सेंटिमीटर तुटलेलं असेल, तर तिच्यावरचा आकडा ही खरी लांबी नसते, तसंच हे आहे. आता रुंदी केईव्हीत काढा: ३८.५ भागिले ०.७०३ म्हणजे सुमारे ५५ केईव्ही. ६६१.७ च्या मानानं हे ८.३ टक्के होतात. एक टक्क्याहून जास्त तफावत नुसत्या भागाकारातून आली होती. शून्य दुसऱ्या बाजूला सरकलेलं असतं, तर हाच डिटेक्टर आहे त्यापेक्षा चांगला दिसला असता, आणि ते जास्त घातक, कारण मग कोणी तपासत नाही. रुंदी नेहमी ऊर्जेत काढा, आणि त्यासाठी किमान दोन, शक्यतो चार-पाच ओळखीच्या ऊर्जांवरून कॅलिब्रेशन करा.

आता उरलेल्या फरकाकडे वळू, ८.३ आणि ७ यांच्यातल्या. रुंदी वाढवणारी स्वतंत्र कारणं सरळ बेरजेनं मिळत नाहीत, त्यांच्या वर्गांची बेरीज होते. ८.३ चा वर्ग ६८.९, ७ चा ४९, फरक १९.९, त्याचं वर्गमूळ सुमारे ४.५. म्हणजे मूळ डिटेक्टरवर ४.५ टक्के रुंदीचं काहीतरी नवं चढलेलं आहे. हा आकडा हातात आला की संशयितांची यादी पटकन लहान होते.

तापमान घ्या. बडोद्यात मे महिन्यात बाहेर चाळिशी पार होते आणि प्रयोगशाळेतला एसी रात्री बंद केला जातो, त्यामुळे पहिला संशय तिथे जाणं साहजिक आहे. सोडियम आयोडाइडचा प्रकाश आणि फोटोमल्टिप्लायरचा (त्या प्रकाशाचा विद्युत संकेत बनवून वाढवणाऱ्या नळीचा) गेन, म्हणजे वाढीचं प्रमाण, दोन्ही तापमानाबरोबर सरकतात. मिळून अंशामागे पाव ते अर्धा टक्का धरा. मोजणी चालू असताना फोटोपीक हळूहळू सरकत राहिलं, तर ते रुंद दिसतं. पण ४.५ टक्क्यांची भर पडायला पीक एकूण साडेसहा टक्के तरी सरकायला हवं, म्हणजे खोलीचं तापमान एका मोजणीत १३ अंशांहून जास्त बदलायला हवं. दहा मिनिटांच्या मोजणीत असं होत नाही. रात्रभराच्या मोजणीत तापमान थोडा वाटा उचलू शकतं. खात्री करायची पद्धत सोपी आहे: एकच लांब स्पेक्ट्रम घेण्याऐवजी पाच-पाच मिनिटांचे स्पेक्ट्रम साठवा आणि प्रत्येकातलं फोटोपीकचं केंद्र बघा. सरकण्याचं आणखी एक कारण म्हणजे एचव्ही, फोटोमल्टिप्लायरला दिलेला उच्च विद्युतदाब. दहा डायनोडच्या (इलेक्ट्रॉन वाढवणाऱ्या टप्प्यांच्या) फोटोमल्टिप्लायरचा गेन विद्युतदाबाच्या साधारण सातव्या घातानं वाढतो. एचव्ही एक टक्का हलला, तर पीक सात टक्के हलतं. म्हणून एचव्ही चालू केल्या केल्या मोजायला बसू नका, निदान तासभर जाऊ द्या. मी शक्य असेल तेव्हा आदल्या संध्याकाळीच चालू करून ठेवतो.

इलेक्ट्रॉनिक्सचा आवाज (नॉइज) पल्सरनं, म्हणजे एकसारखे कृत्रिम पल्स देणाऱ्या यंत्रानं, तपासता येतो. प्रीअॅम्प्लिफायरच्या टेस्ट इनपुटला पल्सर द्या, त्याचं पीक साधारण ४१० व्या चॅनेलजवळ आणा आणि रुंदी बघा. सोडियम आयोडाइडच्या साखळीत ही रुंदी फोटोपीकपेक्षा फारच कमी असायला हवी. ती मोठी आली, तर अर्थिंग, केबल किंवा बेसलाइन बघा, स्फटिकाला दोष देऊ नका. शेपिंग टाइमही टिपा. सोडियम आयोडाइडमधला प्रकाश सुमारे २३० नॅनोसेकंदांत विझतो, त्यामुळे एक मायक्रोसेकंदाच्या आसपासचं शेपिंग पुरतं. जर्मेनियम डिटेक्टरसाठी चार-सहा मायक्रोसेकंद लागतात. कोणी आधी जर्मेनियम लावून तशीच सेटिंग ठेवली असेल, तर जास्त काउंट रेटला पाइल-अप (एका पल्सवर दुसरा चढणं) वाढतो आणि फोटोपीकच्या उजवीकडे शेपूट येतं. सोर्स टोपीला टेकवून रिझोल्यूशन मोजायचं नाही, ते याचसाठी. रेट सेकंदाला हजाराच्या आसपास राहील इतका सोर्स लांब न्या.

एक गोष्ट सहसा निसटते. बंद खोलीत रेडॉन साठतो आणि त्याच्या वंशातल्या बिस्मथ-२१४ ची ६०९ केईव्हीची रेषा बॅकग्राउंडमध्ये दिसते. तुमच्या डिटेक्टरची रुंदी ५५ केईव्ही, आणि ६०९ व ६६२ मधलं अंतर ५३. म्हणजे ती रेषा सीझियमच्या डाव्या खांद्यावरच बसते. तुमच्या सोर्सचा जोर पाहता जवळच्या अंतरावर तिचा परिणाम नगण्य राहील, पण २५ सेंटिमीटरवर जाल तेव्हा बॅकग्राउंड वजा करूनच रुंदी काढा. ते बॅकग्राउंड त्याच दिवशी, खोली त्याच स्थितीत ठेवून घेतलेलं असावं. रात्रभर बंद असलेल्या खोलीचं बॅकग्राउंड दुपारच्या उघड्या खोलीला चालत नाही.

हे सगळं तपासूनही ८.३ च राहिले, तर डिटेक्टरकडे वळायचं. इथे बडोद्याचा पावसाळा मध्ये येतो. सोडियम आयोडाइड हवेतली आर्द्रता ओढून घेतो, म्हणूनच तो अॅल्युमिनियमच्या डब्यात सीलबंद असतो. सील जरा जरी सैल झालं, तरी दमट महिन्यांत आत ओल शिरते आणि स्फटिकाचा पृष्ठभाग पिवळट, गढूळ होतो. हे नुकसान पृष्ठभागापासून सुरू होतं, आणि त्यातूनच निदानाची एक चांगली युक्ती निघते. अमेरिशियम-२४१ चे ५९.५ केईव्हीचे गॅमा स्फटिकाच्या पहिल्या मिलिमीटरमध्येच बहुतांशी शोषले जातात. ६६२ केईव्हीचे मात्र खोलवर जातात. त्यामुळे समोरचा पृष्ठभाग ओलावला असेल, तर ५९.५ चं पीक आधी बिघडतं: रुंद होतं, ऊर्जेच्या रेषेवरून खाली घसरतं, कधी दुभंगतं. ६६२ तोवर बऱ्यापैकी ठीक दिसू शकतं. अमेरिशियम नसेल, तर सीझियमबरोबर फुकट मिळणारा बेरियमचा ३२ केईव्हीचा क्ष-किरण वापरा. तो स्वच्छ दिसतोय का, आधी हेच बघा. थ्रेशोल्ड (ज्याखालचे पल्स मोजले जात नाहीत ती मर्यादा) फार वर ठेवलेला असला, तर तो कापला जातो, तेवढं तपासा.

दुसरी जागा म्हणजे स्फटिक आणि फोटोमल्टिप्लायर यांच्यामधला ऑप्टिकल ग्रीस. वर्षानुवर्षं तो सुकतो, त्यात बुडबुडे येतात, आणि प्रकाश कमी पोचतो. तिसरी म्हणजे फोटोमल्टिप्लायरचं स्वतःचं म्हातारपण. या दोन्हींत गोळा होणारे फोटोइलेक्ट्रॉन कमी होतात. ही कारणं ओळखायला एकाच ऊर्जेवरचं रिझोल्यूशन पुरत नाही. चार-पाच ऊर्जांवर मोजा आणि रिझोल्यूशनचा वर्ग उभ्या अक्षावर, एक भागिले ऊर्जा आडव्या अक्षावर मांडा. साधारण सरळ रेषा येते. फोटोइलेक्ट्रॉन कमी झाले, तर रेषेचा उतार वाढतो. स्फटिकाच्या वेगवेगळ्या भागांतून प्रकाश असमान येत असेल, तर रेषा उभ्या अक्षाला वर छेदते. सोडियम आयोडाइडचा प्रकाश ऊर्जेच्या अगदी प्रमाणात नसतो, त्यामुळे कमी ऊर्जेला बिंदू रेषेवरून थोडे सुटतील. त्यानं घाबरू नका. झटपट अंदाज हवा असेल, तर १३३२ केईव्हीची रुंदी बघा. सगळं फक्त सांख्यिकी असतं, तर ८.३ टक्क्यांचे तिथे साधारण ५.८ टक्के व्हायला हवेत. सात टक्के आले, तर असमानता आहे. ती पडताळायला सीझियमचा सोर्स शिशाच्या लहान छिद्राआड ठेवून डिटेक्टरच्या बाजूनं पुढून मागे सरकवा आणि पीकचं केंद्र किती हलतं ते टिपा.

डिटेक्टर उघडू नका. अॅल्युमिनियमचा डबा एकदा उघडला, की स्फटिक वाचत नाही. फोटोमल्टिप्लायर वेगळा करता येईल अशी बांधणी असेल आणि आधी हे काम केलेलं माणूस हाताशी असेल, तरच ग्रीस बदलायचा विचार करा. तोसुद्धा एचव्ही बंद करून, अंधाऱ्या आणि कोरड्या खोलीत.

आता एफिशियन्सी. इथे तुमचा गोंधळ जास्त आहे, आणि तो पूर्ण सुटण्यासारखा आहे. कोबाल्टची एफिशियन्सी सीझियमच्या दहाव्या हिश्श्याइतकी का आली? तीन कारणांचा गुणाकार झालाय. पहिलं खरं आहे: ३ × ३ इंची सोडियम आयोडाइडची फोटोपीक एफिशियन्सी ६६२ पासून १३३२ पर्यंत सुमारे निम्मी होतेच. दुसरं लेबलचं. १३ वर्षांत कोबाल्ट-६०, ज्याचं अर्धायुष्य ५.२७ वर्षं आहे, १८ टक्के उरतो. सीझियम-१३७, अर्धायुष्य ३० वर्षं, ७४ टक्के उरतो. तुम्ही दोघांनाही ३७ किलोबेकरेल धरलंत, म्हणून कोबाल्ट सीझियमच्या तुलनेत चौपट कमी दिसला. आजचा कोबाल्ट ६.७ किलोबेकरेल आहे आणि सीझियम २७. तिसरं कारण जास्त रंजक आहे. कोबाल्टच्या एका क्षयात ११७३ आणि १३३२ केईव्हीचे गॅमा एकापाठोपाठ, डिटेक्टरच्या दृष्टीनं एकाच वेळी निघतात. सोर्स टोपीला टेकलेला असेल, तर दोन्ही स्फटिकात शिरण्याची शक्यता मोठी. मग १३३२ चा काउंट त्याच्या पीकमध्ये न पडता पुढे सरकतो. २५०६ केईव्हीला एक छोटं पीक दिसेल, ते बघा. तोच या प्रकाराचा पुरावा. तुमच्या डिटेक्टरला टेकवलेल्या स्थितीत यात १५-२० टक्के काउंट सहज जातात. निम्मा, त्याचा पाव, त्यातून पाचवा भाग वजा: बरोबर एक दशांश. डिटेक्टरनं काहीच चुकवलेलं नाही.

१० सेंटिमीटरवर हे समिंग, म्हणजे दोन गॅमांची ऊर्जा एकत्र मोजली जाणं, दोन टक्क्यांच्या आसपास येतं आणि २५ वर जवळपास विसरता येतं. जिथे गणितात दुरुस्ती करावी लागते, तिथे शक्य असेल तर मी लांब जातो, आणि वेळ जास्त देतो. तुमच्या आजच्या कोबाल्टनं २५ सेंटिमीटरवर १३३२ च्या पीकमध्ये सेकंदाला सुमारे आठ काउंट मिळतील. दहा हजार काउंट जमायला वीस-एक मिनिटं. दहा हजारांना एक टक्का सांख्यिक अनिश्चितता. एवढा वेळ द्यायला हवा.

१० सेंटिमीटरवर दर वेळी आठ-दहा टक्क्यांचा फरक का? अंतर. ३.८१ सेंटिमीटर त्रिज्येच्या पृष्ठभागानं १० सेंटिमीटरवर घेतलेला घनकोन पूर्ण गोलाच्या ३.२८ टक्के असतो, आणि १०.५ वर तो ३.०० टक्के होतो. अर्ध्या सेंटिमीटरला साडेआठ टक्के! २५ सेंटिमीटरवर तोच अर्धा सेंटिमीटर चार टक्क्यांच्या आत राहतो. सोर्स हातानं, पट्टी लावून ठेवला जातोय, हे मला तुमच्या आकड्यांवरूनच दिसतंय. अॅक्रिलिकचा स्टँड करून घ्या, खाचा पाडलेला, म्हणजे सोर्स दर वेळी तिथेच बसेल. आणि अंतर टोपीपासून मोजता की स्फटिकापासून, ते वहीत लिहा, कारण टोपीच्या आत परावर्तकाचा थर असतो आणि स्फटिक थोडा मागे असतो. डेड टाइम (यंत्रणा आधीच्या पल्समध्ये गुंतलेली असते तो वेळ) असेल, तर तो वगळून उरलेल्या लाइव्ह टाइमनं भागा, घड्याळाच्या वेळेनं नाही. सीझियमच्या ६६२ चा गॅमा दर शंभर क्षयांत ८५ वेळाच निघतो, हे गणितात घेतलंय ना, तेही बघून घ्या.

सर पुढे जर्मेनियमशी तुलना करायला सांगणार असतील, तर एक सावधगिरी. जर्मेनियमच्या कागदावर ‘२० टक्के’ लिहिलेलं असतं. ती रिलेटिव्ह एफिशियन्सी: १३३२ केईव्हीला, २५ सेंटिमीटरवर, ३ × ३ इंची सोडियम आयोडाइडच्या तुलनेत. त्या सोडियम आयोडाइडची एफिशियन्सी ०.००१२ धरायची, असं ठरलेलं आहे, म्हणून तुमचा डिटेक्टर या व्यवहारातला मापदंडच आहे. २५ सेंटिमीटरवर १३३२ ला तुमची एफिशियन्सी ०.००१२ च्या जवळ येते का, ही त्याच्या तब्येतीची एक फार चांगली तपासणी ठरते. ओलावलेला किंवा भेगाळलेला स्फटिक इथे कमी भरतो. जर्मेनियमचं रिझोल्यूशन टक्क्यांत नाही, केईव्हीत सांगतात, १३३२ ला दोनच्या आसपास. आयईईईच्या ३२५ क्रमांकाच्या मानकात त्याच्या चाचणीच्या अटी दिलेल्या आहेत. तिथे अर्ध्या उंचीबरोबर दशांश उंचीवरची रुंदीही मोजतात. शुद्ध गाउसियन (सममित, घंटेच्या आकाराच्या) पीकला त्यांचं गुणोत्तर १.८२ असतं. ते दोनच्या पुढे गेलं, तर पीकला शेपूट आहे, मग अर्ध्या उंचीवरचा आकडा कितीही देखणा असो. पीक-टू-कॉम्प्टनही बघतात, १३३२ च्या शिखराची उंची भागिले १०४० ते १०९६ केईव्हीमधली सरासरी. आपल्याकडची मुलं बीम टाइमसाठी (प्रवेगकावर प्रयोगाला मिळणाऱ्या वेळेसाठी) मुंबईच्या टीआयएफआरला, दिल्लीच्या आययूएसीला किंवा कोलकात्याच्या व्हीईसीसीला जातात, तिथे इंगाच्या, म्हणजे गॅमा डिटेक्टरांच्या भारतीय संचाच्या, चार-चार जर्मेनियम स्फटिकांच्या क्लोव्हर डिटेक्टरांवर हेच आकडे तपासले जातात. चार स्फटिकांतले काउंट जोडल्यावर एफिशियन्सी किती वाढते, याचाही वेगळा हिशोब तिथे ठेवावा लागतो.

नवा डिटेक्टर हवा का, हे कामावर अवलंबून आहे. मातीतलं पोटॅशियम-४०, म्हणजे १४६१ केईव्ही, आणि थोरियमच्या साखळीतलं २६१५ केईव्ही मोजायचं असेल, तर ८.३ टक्क्यांचा हा डिटेक्टर उत्तम चालेल. ६०९ आणि ६६२ वेगळे दाखवायचे असतील, तर ७ टक्क्यांचा कोरा सोडियम आयोडाइडही ते स्वच्छ वेगळे दाखवणार नाही; तिथे तीन टक्क्यांचा लँथनम ब्रोमाइड किंवा थेट जर्मेनियम लागेल. दोन्ही परिस्थितींत नवा सोडियम आयोडाइड घेण्यानं तुमचा प्रश्न सुटत नाही. पैसे असतील, तर ताजे प्रमाणित सोर्स घ्या: अमेरिशियम-२४१, बेरियम-१३३, सोडियम-२२. आपल्याकडे ब्रिटकडे (बोर्ड ऑफ रेडिएशन अँड आयसोटोप टेक्नॉलॉजी) चौकशी करता येते. एईआरबीचे (अणुऊर्जा नियामक मंडळाचे) नियम आणि विभागाचे रेडिएशन सेफ्टी ऑफिसर यांना विचारात घेऊनच पुढे जा.

आधी हे करून बघा. रात्रभर एचव्ही चालू ठेवून सकाळी २५ सेंटिमीटरवर सीझियम आणि कोबाल्ट, दोन्ही क्षय-दुरुस्तीसह. मग ३२ किंवा ५९.५ केईव्हीचं पीक. मग बाजूनं सरकवलेल्या सीझियमचं केंद्र. १३३२ ची एफिशियन्सी ०.००१२ च्या जवळ आली आणि कमी ऊर्जेचं पीक एकसंध असेल, तर ग्रीस किंवा फोटोमल्टिप्लायर एवढाच संशय उरतो आणि डिटेक्टर प्रकल्पाला बिनदिक्कत वापरा. कमी ऊर्जेचं पीक दुभंगलेलं असेल, तर ओल शिरली आहे. मग तो कोरड्या जागी, सिलिका जेलसोबत ठेवा, प्रकल्पापुरता जास्त ऊर्जांसाठी वापरा, आणि दर महिन्याला ५९.५ चं पीक तपासून तारखेसह नोंदवत जा. ते पुढच्या पावसाळ्यापर्यंत आणखी घसरलं, तर सरांना बदलीसाठी अर्ज करायला सांगा. त्या वेळी त्या नोंदी अर्जाला जोडता येतील.